वादकांची सुपारी आणि बनावट निमंत्रण : ई-मेलद्वारे होणाऱ्या फसवणुकीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कलावंतांच्या इतिहासाचा विचार बहुधा कलेच्या अंगाने होत आला आहे. घराणी, राजाश्रय, गुरुपरंपरा, शैलीतील स्थित्यंतरे यांवर विपुल लेखन झाले. त्या मानाने वादकाचा कार्यक्रम ठरतो कसा, बिदागी कोण ठरवितो, विसार कोणाच्या हाती पडतो आणि दिलेला शब्द मोडल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसे हाताळलेले नाहीत. वास्तविक कलावंताच्या उपजीविकेचा इतिहास याच प्रश्नांत दडलेला असतो.

प्रस्तुत विषयाकडे लक्ष वळले ते एका साध्या प्रसंगामुळे. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात साथीला येणाऱ्या एका तरुण की-बोर्डवादकास, आपण लष्करी छावणीतील अधिकारी आहोत असे सांगणाऱ्या एका व्यक्तीने दूरध्वनीवरून कार्यक्रम दिला. विसार पाठवितो असे सांगून त्याने क्यूआर कोड पाठविला आणि पैसे येण्याऐवजी वादकाच्याच खात्यातून निघून गेले. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु त्या लग्नसराईतील त्याची बहुतेक कमाई तीच होती. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. कारण विचारता "लोक हसतील, सर," एवढेच तो म्हणाला. फसवणूक झालेल्या श्रमिकालाच लाज वाटावी, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. ही फसवणूक आपल्याकडे नवी भासत असली तरी तिचे पूर्वरूप एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वादकांनी अनुभवले होते. त्याचा मागोवा येथे घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) आगाऊ रकमेच्या फसवणुकीची ऐतिहासिक परंपरा पाहणे.
२) कार्यक्रम ठरविण्याच्या पद्धतीत झालेले बदल तपासणे.
३) वादकच अशा फसवणुकीचे लक्ष्य का ठरले, याची कारणमीमांसा करणे.
४) महाराष्ट्रातील पारंपरिक सुपारीच्या पद्धतीशी त्याची तुलना करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे.

जुन्या युक्तीची वंशावळ :

अनोळखी व्यक्तीस पत्र लिहून मोठ्या लाभाची आशा दाखवावयाची आणि त्यापूर्वी थोडी रक्कम तिच्याकडून काढून घ्यावयाची, ही युक्ती संगणकाहून कितीतरी जुनी आहे. आधी गुन्हेगार व पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेल्या विडॉक याच्या १८२८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या आठवणींत 'जेरुसलेमची पत्रे' या प्रकाराचे वर्णन आढळते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळालेल्या उमरावाचा आपण सेवक असून त्याच्या दडविलेल्या संपत्तीचा ठावठिकाणा आपणास ठाऊक आहे, असे तुरुंगातील कैदी धनिकांना कळवीत व मदत म्हणून पैसे मागत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच कथा 'स्पॅनिश कैदी' या नावाने युरोप-अमेरिकेत पसरली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती नायजेरियाच्या नावाशी जोडली गेली. १९८० च्या दशकात तेलाच्या किमती कोसळल्याने त्या देशाची अर्थव्यवस्था संकटात सापडली व सुशिक्षित बेकारांची संख्या वाढली. तेथून प्रथम टपालाने, नंतर फॅक्सने व अखेरीस ई-मेलने अशी पत्रे जाऊ लागली. नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील संबंधित कलमावरून तिला '४१९' असे नाव पडले. भारतीय दंड संहितेतील कलम ४२० वरून आपल्याकडे 'चारसोबीस' हा शब्द रूढ झाला, त्याच धर्तीचे हे नाव आहे. मात्र या युक्तीचे मूळ युरोपातील तुरुंगांत आहे, हे ध्यानात घेता तिचा संबंध एखाद्या राष्ट्राच्या स्वभावाशी जोडणे इतिहासाला धरून होणार नाही. नायजेरियानेही २००३ मध्ये आर्थिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र आयोग कार्यरत केला आणि २००६ मध्ये आगाऊ रकमेच्या फसवणुकीविरुद्ध कायदा केला.

वादकांचा बाजार आणि मध्यस्थ :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतील वादक एकटा नव्हता. ब्रिटनमध्ये १८९३ मध्ये, तर अमेरिकेत १८९६ मध्ये वादकांच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. लंडनच्या सोहो भागातील आर्चर स्ट्रीटवर वादक व कामे देणारे रस्त्यावरच एकत्र जमत आणि आठवड्याची कामे तेथे उभ्या उभ्या ठरत. अमेरिकेत संघटनेचा दरतक्ता, तिचा छापील करारनामा व तिची मान्यता असलेले दलाल यांच्यामार्फत कार्यक्रम ठरत. पैसे बुडविणाऱ्याचे नाव संघटनेच्या नोंदीत चढे. १९४२ ते १९४४ या काळात अमेरिकन संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकून बड्या कंपन्यांना तडजोड करण्यास भाग पाडले, यावरून तिच्या सामर्थ्याची कल्पना येते.

पुढे हे बळ ओसरत गेले. बोलपटांमुळे चित्रपटगृहांतील वादकांची कामे १९२७ नंतर झपाट्याने गेलीच होती. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने केवळ संघटनेच्या सभासदांनाच काम देण्याच्या पद्धतीवर बंदी आली. ध्वनिमुद्रित संगीताने नृत्यगृहांतील वाद्यवृंदांची जागा घेतली. विवाह, मेजवान्या व चर्चमधील समारंभ यांवर जगणारा वादक हळूहळू एकटा व्यावसायिक बनला. दलालाला द्यावी लागणारी टक्केवारी वाचली. परंतु समोरच्या माणसाची पारख करण्याचे कामही त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आले.

ई-मेलमधील निमंत्रण आणि त्याची रचना :

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वादकांनी स्वतःची संकेतस्थळे काढली. आपला पत्ता, वाद्य, उपलब्धता व काही वेळा दरही त्यांनी जाहीर केले. गिऱ्हाइकाने आपणास शोधावे, हाच त्यामागील हेतू होता. भामट्यालाही नेमके हेच हवे होते.

या फसवणुकीचे स्वरूप साधारणतः पुढीलप्रमाणे असते. परगावी किंवा परदेशी असलेला एक यजमान मुलीच्या विवाहासाठी वादक हवा असल्याचे कळवितो. पत्रात 'आपली सेवा' असा मोघम उल्लेख असतो. वाद्याचे नाव बहुधा नसते. स्थळाचा तपशील अपुरा असतो. आपणास ऐकू येत नाही किंवा आपण रुग्णालयात आहोत असे सांगून दूरध्वनी टाळला जातो. सांगितलेली बिदागी घासाघीस न करता मान्य होते. खरा वधुपिता असे क्वचितच करतो, हे कोणताही अनुभवी वादक सांगेल. त्यानंतर धनादेश येतो तो ठरल्यापेक्षा अधिक रकमेचा. उदाहरणादाखल, बिदागी ८०० डॉलर ठरली असल्यास धनादेश २,८०० डॉलरचा असतो. वरचे २,००० डॉलर मोटारचालकास किंवा समारंभाच्या व्यवस्थापकास तातडीने पाठवावेत, अशी विनंती केली जाते. वादक ती रक्कम स्वतःच्या खात्यातून पाठवितो. काही दिवसांनी धनादेश बनावट ठरतो, बँक आपली रक्कम वादकाकडून वसूल करते आणि पाठविलेले पैसे परत मिळत नाहीत. शिवाय त्या तारखेस आलेले दुसरे खरे काम त्याने नाकारलेले असते, ही हानी कोणत्याही नोंदीत येत नाही.

वादक लक्ष्य ठरण्याची कारणे त्याच्या व्यवसायाच्या घडणीतच आहेत. विसार घेण्याची प्रथा रूढ आहे. समारंभ काही आठवडे पुढचा असल्याने उलगडा होण्यास वेळ मिळतो. विवाहात मांडव, वाहने, भोजन अशी अनेक माणसे गुंतलेली असतात. त्यामुळे तिसऱ्या व्यक्तीस पैसे पाठविण्याची मागणी विचित्र वाटत नाही. याखेरीज यजमानाची अडचण सावरून घेणे हा या व्यवसायाचा शिष्टाचारच असतो. 'स्पॅनिश कैदी'चे पत्र वाचणाऱ्याच्या लोभाला आवाहन करी. येथे आवाहन आहे ते कामाच्या गरजेला व सौजन्याला. हा भेद महत्त्वाचा आहे.

धनादेश, कायदा आणि मधला काळ :

धनादेश बनावट असूनही खात्यात पैसे दिसतात कसे, याचे उत्तर अमेरिकन बँकिंगच्या इतिहासात आहे. पूर्वी तेथील बँका धनादेशाची रक्कम दीर्घकाळ अडवून ठेवीत. ग्राहकांच्या तक्रारींवरून १९८७ मध्ये कायदा होऊन रक्कम ठरावीक मुदतीत खातेदारास उपलब्ध करून देणे बँकांवर बंधनकारक झाले. आपल्याकडील डिमांड ड्राफ्टसारखा, बँकेने स्वतःवर काढलेला धनादेश खातेदाराने स्वतः बँकेत जाऊन भरल्यास रक्कम साधारणतः दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी मिळू लागली. परंतु रक्कम 'उपलब्ध' होणे म्हणजे धनादेश 'वटणे' नव्हे. या दोन घटनांमधील काही दिवसांचे अंतर हेच भामट्याचे कार्यक्षेत्र बनले. सामान्य माणसाच्या सोयीसाठी केलेल्या तरतुदीतूनच त्याच्या फसवणुकीला वाट मिळाली, हा इतिहासातील एक विरोधाभास होय.

दुसरे साधन होते तारेने पैसे पाठविण्याचे. वेस्टर्न युनियनने ही सेवा १८७१ मध्ये सुरू केली. पाठविलेली रक्कम काही मिनिटांत रोखीने मिळे व एकदा उचलल्यावर परत घेता येत नसे. फसवणुकीचे व्यवहार रोखण्यातील कुचराईबद्दल मनीग्राम कंपनीने २०१२ मध्ये १० कोटी डॉलर, तर वेस्टर्न युनियनने २०१७ मध्ये ५८.६ कोटी डॉलर देण्याचे अमेरिकन शासनाशी झालेल्या समझोत्यात मान्य केले. म्हणजेच दोष केवळ भोळ्या वादकाचा नव्हता. ज्या यंत्रणांतून पैसा वाहत होता त्यांचीही जबाबदारी होती, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रातील सुपारीची पद्धत :

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्यातील नारायणगावचे उदाहरण उद्बोधक ठरते. गावोगावच्या यात्रांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या तेथे उभारल्या जातात. निरनिराळ्या गावांचे पुढारी व यात्रा समितीचे लोक तेथे येतात, फडांच्या व्यवस्थापकांशी समोरासमोर बोलणी करतात व खेळाची सुपारी देतात. गुढीपाडव्याच्या दिवशी ही गर्दी विशेष असते. येथे घासाघीस होते आणि रुसवेफुगवेही होतात. परंतु सुपारी देणारा हा एका गावाचा प्रतिनिधी असतो. शब्द फिरविल्यास गावाचे नाव जाते. तमाशा कलावंतांच्या वाट्याला शोषण आले नाही, असे मुळीच नाही. तथापि त्यांना पैसे बुडविणाऱ्याचे गाव माहीत असे. ई-मेलच्या निमंत्रणात नेमके हे गावच हरवलेले आहे.

अमेरिकेतील जादा रकमेच्या धनादेशाची युक्ती आपल्याकडे तितकीशी रुजली नाही, कारण भारतात धनादेश वटल्याशिवाय सामान्यतः रक्कम काढता येत नाही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यावर मात्र भामट्यांना नवे साधन मिळाले. लष्करी अधिकाऱ्याचा बहाणा करून दुकानदार, छायाचित्रकार व इतर लहान व्यावसायिकांना फसविण्याचे प्रकार देशभर घडले. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे साधे तत्त्व ठाऊक नसल्याचा लाभ येथे घेतला जातो. अमेरिकेत धनादेशावरील बँकेच्या नावाने विश्वास निर्माण केला. येथे तो सैन्याविषयीच्या आदराने केला. साधन बदलले, परंतु युक्ती तीच राहिली.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-डी, जे २००८ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ यांन्वये असे कृत्य दंडनीय आहे. १९३० या मदत क्रमांकावर तातडीने तक्रार केल्यास रक्कम गोठविण्याची शक्यता असते. परंतु लाजेपोटी तक्रारच न झाल्यास हे कायदे निष्प्रभ ठरतात.

निष्कर्ष :

१) ई-मेलद्वारे होणारी वादकांची फसवणूक हा एकोणिसाव्या शतकातील पत्रांच्या फसवणुकीचाच पुढील टप्पा आहे.
२) लोभाऐवजी उपजीविकेची गरज व व्यावसायिक सौजन्य हे तिचे आधार बनले, हा त्यातील गुणात्मक बदल होय.
३) संघटना व मध्यस्थ दुबळे झाल्याने पारख करण्याची जबाबदारी एकट्या वादकावर पडली.
४) पैशाच्या व्यवहारातील वेग व तो परत न फिरण्याची स्थिती यांनी फसवणुकीस अनुकूल भूमी तयार केली.
५) समोरासमोर ठरणाऱ्या सुपारीत विश्वासाला गावाचा व नावाचा आधार होता, नव्या व्यवहारात त्याला पर्याय उभा राहिलेला नाही.

समारोप :

फसलेल्या वादकास मूर्ख ठरविणे सोपे आहे. परंतु इतिहास त्या निवाड्याला दुजोरा देत नाही. जो विश्वास पूर्वी संघटना, दलाल, यात्रा समिती यांनी मिळून सांभाळला, तोच सांभाळण्याची अपेक्षा आज भ्रमणध्वनी हाती घेतलेल्या एकट्या माणसाकडून केली जात आहे. स्नेहसंमेलने, युवक महोत्सव यांनिमित्ताने स्थानिक वादकांशी महाविद्यालयांचा संबंध येतच असतो. त्यांना लेखी करार देणे, बिदागी वेळेवर देणे आणि अशा फसवणुकीची माहिती करून देणे एवढे तरी आपण निश्चित करू शकतो. पुढच्या वेळी असा एखादा वादक आपणाकडे आल्यास त्याच्यावर न हसता त्याला १९३० हा क्रमांक लावून देणे, ही या अभ्यासाची सर्वांत लहान, परंतु तातडीची फलश्रुती ठरेल.