जुन्नरची वेस आणि संगणकाचा पहारा

१६५७ सालच्या एप्रिलअखेरची ती रात्र. जुन्नर तेव्हा मोगलांकडे होते आणि औरंगजेब बिदर-कल्याणीच्या मोहिमेत गुंतला होता. शिवाजीमहाराजांचे मावळे दोराच्या शिड्या लावून शहराचा तट चढले आणि तीन लाख होन व दोनशे घोडे घेऊन गेले. शेजारचा बळकट शिवनेरी मात्र मोगलांकडेच राहिला. गड जागा असून काय उपयोग? खजिना शहरात होता!

नाणेघाटापासून आंबेगावलगतच्या भीमाशंकरापर्यंत कोकणातून किती वाटा वर येतात, ते या मुलखातील माणसाला सांगायला नको. राखणदाराला त्या साऱ्या राखाव्या लागतात; चढून येणाऱ्याला एक पुरते.

आजचा खजिना संगणकांच्या जाळ्यात असतो. २०१८ च्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रुपये पळविले. ना तट चढले, ना कुलूप फोडले. एटीएमची मागणी तपासणाऱ्या यंत्रणेच्या जागी त्यांनी आपलीच तोतया यंत्रणा उभी केली. मग ती नाही कशाला म्हणेल?

अशा गनिमाशी कसे खेळावे, याचे गणित आहे. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ मध्ये त्याचा पाया घातला. आपण एक हिशेब करून पाहू. दोन वेशी, पहारेकरी एकच. एकीमागे तीन लाख, दुसरीमागे एक लाख. पहारेकरी कायम मोठ्या वेशीवर राहिला, तर चोर दुसरीतून लाख नेणार. पण चारांतल्या सरासरी तीन रात्री तो मोठीवर आणि एक रात्र धाकटीवर राहिला, आणि कोणती रात्र कुठे हे रोज फाशांनी ठरवले, तर चोर कुठूनही आला तरी सरासरी नुकसान पाऊण लाखावर येते. माणूस तोच, पाव लाख वाचवले ते अनिश्चिततेने.

मिलिंद तांबे यांच्या चमूने याच तत्त्वावर २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावरील तपासणीनाकी आखून दिली. संगणकांच्या जाळ्यातही कोणते यंत्र केव्हा तपासावे, खोटा खजिना मांडून चोराला कुठे गुंतवावे, हे आता याच गणिताने ठरविता येते.

फासे मात्र प्रामाणिक हवेत. सवयीने ठरलेली गस्त चोर चार रात्रींत पाठ करतो. तेव्हा वाचकहो, दिवाळीचा पट मांडाल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या: आपली पुढची चाल समोरच्याला ठाऊक असेल, तर तट कितीही उंच असो, शिडी तयारच असते.