रविवर्म्याची लक्ष्मी चाळीत कशी आली?

चित्रकलेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच कबूल करतो. मी युनियनचा माणूस. पगार, बोनस आणि ग्रॅच्युइटी यांच्यापलीकडे माझी जीभ सहसा जात नाही. परंतु लालबागच्या ज्या दहा बाय बाराच्या खोलीत माझे बालपण गेले, तिच्या भिंतीवर लक्ष्मीची एक तसबीर होती. लक्ष्मी कमळावर उभी, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. आईने तिच्या लुगड्यावर जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. दिवाळीत शेजारच्या बायका ती पाहायला येत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली. आमच्या घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली, पुढे माझी शाळाही सुटली. तसबीर मात्र खिळ्यावरून हलली नाही. त्या वेळी तिला विकत घेणारे तरी कोण होते!

ही लक्ष्मी राजा रविवर्म्याची, हे मला पुष्कळ पुढे वाचनालयात कळले. मग प्रश्न पडला, की त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरीक असलेल्या चित्रकाराचे चित्र गिरणीतल्या कामगाराच्या खोलीत आले कसे? आजचे माझे बोलणे या एका प्रश्नापुरतेच आहे.

रविवर्म्याचा जन्म १८४८ साली केरळातल्या किळिमानूर येथे झाला. तैलरंगात तो नावाजला आणि संस्थानिकांची मागणी त्याच्याकडे लागली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याच्याकडून पौराणिक विषयांवरची चौदा चित्रे करून घेतली. ती बडोद्याच्या वाड्यात जाण्यापूर्वी मुंबईत लोकांना दाखविण्यात आली. मागणी एवढी, की एका हाताने ती पुरी होणे शक्य नव्हते. चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, ही सूचना सर टी. माधवराव यांनी त्याला आधीच, म्हणजे १८८४ साली केली होती. हे गृहस्थ त्रावणकोर व बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले. ती सूचना फळाला आली १८९४ साली, आणि तीही आपल्या मुंबईत, गिरगावात. रविवर्मा व त्याचा धाकटा भाऊ राजराजवर्मा यांनी तेथे छापखाना उभारला. यंत्रे जर्मनीची, कसबी कारागीरही जर्मनीचे.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच नवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली होती, आणि तिची रामपंचायतनासारखी रंगीत चित्रे घरोघर पोचली होती. रविवर्म्याच्या छापखान्याने त्याच वाटेवर मोठे भांडवल आणि अधिक नाजूक छपाई आणली.

ही छपाई कशी होई, ते थोडे समजून घेऊ. तिला आपल्याकडे शिळाछाप म्हणत. गुळगुळीत घोटलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचे. शिळा ओली केली, की पाणी कोऱ्या जागी राहते. छपाईची शाई पाण्याला टाळते आणि तेलकट रेघेलाच धरते. एका रंगाला एक शिळा. जितके रंग, तितक्या वेळा तोच कागद यंत्राखालून जायचा, आणि दर वेळी बरोबर पहिल्याच जागी बसायचा. केसभर सरकला, की देवीचे ओठ गालावर! काम संपले, की शिळा घासून पुन्हा कोरी करायची. तेव्हा तसबिरीतली लक्ष्मी रविवर्म्याच्या कुंचल्यातून उतरली हे खरे. पण आमच्या भिंतीपर्यंत तिला आणली ती शिळा घासणाऱ्या, रंग वेगळे करणाऱ्या आणि कागद लावणाऱ्या हातांनी. चित्राखाली छापखान्याचे नाव असते. त्या हातांची नावे कोठेही नाहीत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळू लागली आणि धंदे बसले. पुढे छापखाना कार्ल्याच्या लेण्यांजवळ, मळवलीला गेला. तरीही कर्ज सुटेना. नव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्याचे काम केले होते. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा वारला. चित्रे मात्र छापली जातच राहिली. साबणाच्या नि औषधांच्या जाहिरातींवर, दिनदर्शिकांवर त्या देवी आल्या. गिरण्यांच्या कापडावर जी रंगीत तिकिटे लागत, त्यांवरही तसेच देव अवतरले. १९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत गेला.

जाणकारांनी या चित्रांना नावे ठेवली. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांना त्यांत विलायतेची नक्कल दिसली. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मी म्हणत नाही. पण त्यांनी चित्र पाहिले, ते लागले होते ती भिंत पाहिली नाही. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही हा देव बाजारातून विकत घेऊन घरी आणता येत होता. चित्राने अस्पृश्यता गेली नाही. देवळाच्या दारासाठी १९३० साली डॉक्टर आंबेडकरांना काळाराम मंदिराचा सत्याग्रह मांडावाच लागला. तसबिरीला लढ्याचे श्रेय देण्याचे कारण नाही. पण ती दाराशी जात विचारीत नव्हती, एवढे श्रेय तिचे तिला द्यावे.

आता थोडे आमच्या चाळीविषयी. चाळ पाडून टॉवर बांधायचे ठरले, तेव्हा पिंपळाच्या पाराशी जुन्या तसबिरींचा ढीग लागला. नव्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असे मुलांनी बजावले होते. त्याच सुमारास जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरोघर फिरू लागला. शेजारच्या मावशींकडे आमच्यासारखीच लक्ष्मी होती. तिच्या खालच्या कडेला कार्ला-लोणावळ्याचे नाव छापलेले. व्यापाऱ्याने भाव सांगितला. मावशींनी मला विचारले, "बाबा, देवीला विकणं बरं का रे?"

मी म्हणालो, "मावशी, विकायची की नाही ते तुम्ही ठरवा. भाव तेवढा मला ठरवू द्या."

नातीची फी भरायची होती. मावशींनी विकायचे ठरवले आणि मी घासाघीस केली. आयुष्यभर दुसरे काय केले! पहिल्या भावाच्या तिप्पट रक्कम मिळाली. मात्र मावशींनी एक अट घातली. एक रविवार तसबीर चाळीच्या गॅलरीत राहील आणि सगळ्यांनी ती पाहायची. त्या दिवशी हळदीकुंकू झाले. पोरांनी काच पुसली आणि हत्तीच्या सोंडेतली माळ जवळून पाहिली. मी त्यांना शिळेची गोष्ट सांगितली. एका मुलाने फोटो काढून मोठा छापून आणला. आज मावशींच्या नव्या घरात तीच प्रत चौकटीत आहे.

ती प्रतीची प्रत आहे, असे कोणी म्हणेल. असू द्या. मूळ चित्रे बडोद्यात आणि तिरुवनंतपुरम येथे जपली आहेत. १९७९ साली सरकारने रविवर्म्याची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरविल्यापासून ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हे योग्यच झाले. परंतु छापखाना काढला त्या दिवसापासून ते चित्र प्रतींसाठीच होते, आणि प्रत जिथे लागते तिथे त्याचे घर होते.

श्रोतेहो, तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी तसबीर असेल. ती टाकून देण्यापूर्वी खाली काढा, काच पुसा, शेजाऱ्यांना बोलवा. ठेवायची की विकायची, ते मग ठरवा. पण पाहताना ज्यांची नावे त्यावर नाहीत, त्या हातांचीही आठवण काढा, एवढीच माझी विनंती.