जीवनसत्त्वे व दाह

जीवनसत्त्वे व दाह : संसर्ग, इजा किंवा वाढलेली चरबी यांना शरीर देते ती प्रतिक्रिया म्हणजे दाह (शोथ). रक्तातील सीआरपी हे प्रथिन त्याचे नेहमीचे माप. जीवनसत्त्वांशी दाहाचे नाते दुहेरी आहे : कमतरतेने दाह वाढू शकतो आणि दाहानेही जीवनसत्त्वांची रक्तातील पातळी उतरते.

मापन : अ जीवनसत्त्व यकृतात साठते व एका वाहक प्रथिनाबरोबर रक्तात येते. ताप आला की यकृत सीआरपी भरपूर तयार करते, वाहक प्रथिन मात्र कमी. त्यामुळे साठा शाबूत असलेल्या मुलाच्या रक्तातही अ कमी दिसते. ग्लासगोच्या २०१२ मधील अभ्यासानुसार सीआरपी लिटरमागे १० मिग्रॅ.पेक्षा कमी असेल तरच अ व ड यांचे, आणि ५ पेक्षा कमी असेल तरच ब-६ व क यांचे आकडे ग्राह्य धरावेत. ब-१२ दाहाने फारसे हलत नाही.

महाराष्ट्रातील संशोधन : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेडी, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुष तपासले (२००६). ६७ टक्क्यांत ब-१२ कमी, तर ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल जास्त आढळले. मध्यमवर्गात ब-१२ ची कमतरता ८१ टक्के होती. ब-१२ अपुरे पडले की होमोसिस्टीन रक्तात साचते. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अपाय करते, असे मानतात. याच गटाच्या, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात, गरोदरपणी ब-१२ कमी व फोलेट (गोळ्यांतील रूप : फोलिक ॲसिड) जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध (इन्सुलिनला शरीर कमी दाद देणे) सर्वाधिक दिसला (२००८). फोलिक ॲसिडच्या गोळ्या वाटताना ब-१२ विसरू नये, हा त्याचा मोलाचा धडा.

आहार : अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील मिरजगावसारख्या अवर्षणप्रवण पट्ट्यात भाकरी-आमटीचा आहार असतो, त्यात ब-१२ नसते. ते दूध, अंडी, मटण, मासे यांतूनच मिळते. बऱ्याच घरांत दूध डेअरीला जाते आणि चहापुरतेच उरते.

ड : ‘व्हायटल’ या अमेरिकी चाचणीत (२५,८७१ व्यक्ती) ड घेणाऱ्यांत स्वप्रतिरक्षा रोग २२ टक्क्यांनी कमी आढळले (२०२२), हृदयविकार घटला नाही.

के : दाहाबाबत माणसांतील पुरावा तुटपुंजा.

तापात किंवा शस्त्रक्रियेनंतर लगेच अ, क, ड तपासू नयेत. तपासल्यास त्याच रक्तात सीआरपीही पाहावे.