प्रदर्शनातील मेंढरू : चारा, वजन आणि परीक्षकाचा हात

शेतीच्या इतिहासात पशुप्रदर्शन हा विषय सामान्यतः किरकोळ समजला जातो. जत्रा, बक्षिसे, रंगीत फिती आणि वर्तमानपत्रांतील वर्णने यांपलीकडे त्यात पाहण्याजोगे काही असेल असे वरवर वाटत नाही. परंतु एखादा समाज आपल्या जनावरांत कोणता गुण श्रेष्ठ मानतो, तो गुण कोणत्या साधनाने मोजतो आणि मोजण्याच्या त्या साधनामुळे मूळ हेतू कसा पालटतो, हे पाहावयाचे झाल्यास प्रदर्शनासारखे दुसरे साधन विरळाच सापडेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात मांसासाठी पोसलेल्या गुरांची आणि मेंढरांची प्रदर्शने सुरू झाली. त्यांचा मूळ प्रश्न चाऱ्याचा होता. त्यांतून मिळालेले उत्तर मात्र पुष्कळ काळ चरबीचेच राहिले. असे का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

या इतिहासाचा आरंभ लेस्टरशायर परगण्यातील डिशले येथील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) या शेतकऱ्यापासून करणे सोयीचे होईल. त्याच्या आधी मेंढीची किंमत प्रामुख्याने लोकरीवरून आणि शेताला मिळणाऱ्या खतावरून होत असे. मांस हे बहुतांशी म्हाताऱ्या जनावराचे, म्हणजे शेवटचे उत्पन्न होते. बेकवेलने हा क्रम उलटा केला. थोड्या चाऱ्यावर, थोड्या वयात, ज्या भागांना खाटकाकडे अधिक भाव येतो त्या भागांवर मांस धरील असे मेंढरू त्याला हवे होते. जवळच्या नात्यातील नर-मादींचा संकर करून त्याने ‘न्यू लेस्टर’ ही जात घडविली. आपले मेंढे तो विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देत असे. १७६० साली अशा एका मेंढ्याचे भाडे साडेसतरा शिलिंग आले होते. १७८९ साली केवळ तीन मेंढ्यांचे भाडे बाराशे गिनींवर गेले.

बेकवेलच्या पद्धतीतील एक गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जनावर किती भरले एवढेच पाहून तो थांबत नसे. किती खाऊन भरले, हेही तो पाही. निरनिराळ्या जातींची जनावरे सारख्याच चाऱ्यावर ठेवून त्यांची तुलना करणे हा त्याच्या कामाचा भाग होता. बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्न येथील आपल्या शेतावर १७९० नंतरच्या दशकात हीच पद्धत चालविली. अनेक जातींची मेंढरे एकत्र ठेवून ती ठरावीक काळाने तोलली जात. म्हणजे तराजू आणि गव्हाण या दोन्ही वस्तू या विचारात प्रथमपासून एकत्र होत्या.

२

डिसेंबर १७९८ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या आश्रयाने जी संस्था निघाली आणि पुढे स्मिथफील्ड क्लब या नावाने प्रसिद्ध झाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच बेडफर्डचा ड्यूक होता. शेतीविषयक लेखनासाठी विख्यात असलेला आर्थर यंग तिच्या संस्थापकांपैकी एक. संस्थेपुढील प्रश्न स्पष्ट होता : दिलेल्या चाऱ्यात अधिकांत अधिक आणि चांगले मांस कोणती जात देते? १७९९ साली पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा बक्षिसांची विभागणीही याच प्रश्नाला धरून करण्यात आली. गवत, वाळलेला चारा, सलगम, कोबी यांवर पोसलेली जनावरे एका वर्गात, आणि धान्य वा पेंड खाऊन वाढलेली दुसऱ्या वर्गात, असा भेद त्या नियमांत होता. ज्याला पेंड विकत घेणे परवडते आणि ज्याला परवडत नाही, अशा दोन शेतकऱ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, ही जाणीव त्या विभागणीत दिसते.

परंतु येथेच एक अडचण होती. चारा हा घरी, महिनोन् महिने, परीक्षकाच्या दृष्टीआड खाल्ला जातो. प्रदर्शनाच्या आवारात जनावर येते ते त्या चाऱ्याचे अंतिम फळ म्हणून. परीक्षक पाठीच्या कण्यावर, बरगड्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहतो. त्याच्या बोटांना लागतो तो कातडीखालचा थर. हा थर जाड आणि सारखा असेल, तर जनावर उत्तम पोसले गेले असे ठरते. त्यासाठी किती पेंड खर्ची पडली, ती पेंड त्या मांसाच्या किमतीत भरून निघेल की नाही, हे हाताला कळत नाही. मालकाच्या लेखी निवेदनावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. परिणामी जे दिसते त्यालाच बक्षीस मिळू लागले, आणि ज्याला बक्षीस मिळते तेच लोक करू लागले.

यात केवळ हौस होती असे समजणे मात्र बरोबर होणार नाही. त्या काळी चरबी ही टाकाऊ वस्तू नव्हती. मेणबत्त्या आणि साबण यांसाठी तिला बाजार होता, आणि अंगमेहनत करणाऱ्या कामकऱ्याच्या जेवणात तिचे मोल मांसाहून कमी नव्हते. न्यू लेस्टरचे मांस अतिशय तुपकट असते अशी तक्रार श्रीमंतांच्या टेबलांवरून होत असे. गिरण्यांच्या नि खाणींच्या मुलखात मात्र ते खपत असे. ससेक्समध्ये ग्लाइंड येथे जॉन एलमन (१७५३–१८३२) याने सुधारलेली ‘साउथडाउन’ मेंढी ही या तक्रारीला मिळालेले दुसरे उत्तर होते : देह लहान, लवकर तयार होणारा, मांस अधिक रुचकर.

तरीही अतिरेक झालाच. याचा एक साक्षीदार लाकूडकोरीव चित्रकार टॉमस ब्यूइक हा आहे. डरहॅम परगण्यातील बार्म्प्टन येथे मेंढ्यांची चित्रे काढण्यास तो गेला असता, जेथे त्याला चरबीचे उंचवटे दिसत नव्हते तेथेही ते दाखवावेत असा आग्रह त्याला करण्यात आला, आणि त्याने तो मानला नाही. ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर, १८६२ साली, प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात आहे. जनावर पोसून जेवढे फुगविता आले नाही तेवढे चित्रात फुगवावयाचे, इतक्या थराला ही स्पर्धा पोचली होती. पुढे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने स्मिथफील्डच्या जनावरांची वारंवार थट्टा केली. १८३८ साली स्थापन झालेल्या राजकीय कृषिसंस्थेच्या प्रदर्शनांत तर विसंगती अधिकच उघड झाली. तेथे येणारी जनावरे पैदाशीसाठी होती. पण परीक्षकाच्या हाताला रुचावीत म्हणून तीही इतकी पोसली जात, की पैदाशीच्या कामी त्यांचा उपयोग कमी होई. ही टीका त्या संस्थेच्या वर्तुळातच वर्षानुवर्षे चालू होती.

३

येथे थोडा शब्दांचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. इंग्रज पशुपालकांच्या भाषेत मेंढराच्या तीन अवस्थांना तीन नावे होती : अद्याप पोसावयाचे ते ‘स्टोअर’, पोसले गेलेले ते ‘फॅट’, आणि खाटकाकडे जाण्याच्या नेमक्या घटकेस आलेले ते ‘राइप’, म्हणजे पिकलेले. ‘फॅट’ हा शब्द येथे सरळ प्रशंसेचा होता. पुढे त्याची जागा ‘फिनिश’ या शब्दाने घेतली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश बाजारात ‘फॅटस्टॉक’ हे नाव मागे पडून ‘प्राइमस्टॉक’ हे रूढ झाले. प्रशंसा तीच राहिली. तिचा विषय मात्र चरबीवरून पूर्णतेवर गेला.

मराठीत या अर्थच्छटा निराळ्या वाटांनी आल्या आहेत. ‘पोसणे’ या क्रियापदात सांभाळणे आणि पुष्ट करणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘पुष्ट’ आणि ‘लठ्ठ’ यांत पहिला शब्द गौरवाचा, तर दुसरा बहुधा दोषाचा. जनावराने ‘अंग धरले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते अंग मांसाचे की चरबीचे हे सांगण्याची गरज आपल्याला वाटत नाही. बोकड ‘तयार’ झाला, या प्रयोगात तर इंग्रजी ‘राइप’चाच भाव आहे. सारांश, अंगावर आलेले वजन कशाचे आहे, हा भेद रोजच्या भाषेत, इंग्रजीत काय नि मराठीत काय, मुळातच झाकलेला होता. तो उघड करण्यास हात पुरेसा नव्हता, रसायनशाळा लागली.

४

ते काम हार्टफर्डशायरमधील रोथमस्टेड येथे झाले. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून तेथे प्रयोग चालविले होते. १८५० च्या सुमारास त्यांनी मेंढरांच्या निरनिराळ्या जाती मोजलेल्या चाऱ्यावर ठेवून त्यांची वाढ नियमितपणे तोलली. चांगल्या पोषक खाद्यावर असलेल्या मेंढरास एक भाग वजन वाढविण्यास साधारणतः नऊ भाग कोरडे अन्न लागते, असे त्यांना आढळले. त्याहून मोठे काम १८५९ साली प्रसिद्ध झाले. वासरू, बैल, मेंढ्या, डुकरे अशी एकूण दहा जनावरे कापून त्यांनी संपूर्ण देहाचे पृथक्करण केले. त्यात न पोसलेल्या मेंढीच्या देहात चरबी शेकडा १८·७ निघाली, पोसलेल्या मेंढीच्या देहात ३५·६, आणि अतिशय पोसलेल्या मेंढीत ४५·८. पाण्याचे प्रमाण याच क्रमाने ५७·३, ४३·४ आणि ३५·२ असे उतरत गेले, आणि नत्रयुक्त द्रव्याचे १४·८, १२·२ आणि १०·९ असे.

या आकड्यांचा अर्थ दूरगामी होता. पोसण्याच्या शेवटच्या महिन्यांत वाढणारे वजन बहुतांशी मांसाचे नसून चरबीचे असते, हे त्यांतून सिद्ध झाले. चाऱ्याचे मोल त्यातील नत्रावरून ठरते, या त्या काळी प्रबळ असलेल्या मतालाही त्यामुळे धक्का बसला. कारण चरबी होण्यास मुख्यतः पिष्टमय द्रव्ये कारण होतात. आजच्या ज्ञानाने त्याचे कारण अधिक नेमके सांगता येते. एक ग्रॅम चरबीत सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा साठते. ओल्या मांसाचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असल्याने तेवढ्याच वजनाच्या मांसात तिचा लहानसा अंश असतो. म्हणून शेवटचे पाच किलो वजन आधीच्या पाच किलोंहून कितीतरी महाग पडते. बक्षिसाचे जनावर बहुधा याच महाग वजनाने नटलेले असे. बेडफर्डच्या ड्यूकने विचारलेल्या प्रश्नाला त्याच्या क्लबातील रिंगण देऊ न शकलेले उत्तर हे होते.

प्रदर्शनांनी ते हळूहळू स्वीकारले. जिवंत जनावराचा निकाल लागल्यावर ते कापून त्याच्या धडावरून दुसरा निकाल द्यावयाचा, ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. शिकागो येथे १९०० साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शनातही तिला स्थान मिळाले. हाताने केलेला अंदाज सुरीने तपासला जाऊ लागला, आणि परीक्षकाची प्रशंसा नेहमीच खरी ठरत नाही हे सर्वांसमक्ष दिसू लागले.

५

मूळ प्रश्नाची खरी पुनःस्थापना मात्र अपेक्षा नव्हती अशा जागी झाली. अमेरिकेत १९०२ पासून निघालेल्या आणि १९१४ च्या कायद्यानंतर सरकारी कृषिविस्तारकार्याशी जोडल्या गेलेल्या मुलामुलींच्या मंडळांत, म्हणजे आज ज्यांना ‘फोर-एच’ म्हणतात त्यांत, कोकरू किंवा करडू पोसून प्रदर्शनात नेणे हा शिक्षणाचा एक भाग झाला. तेथे जनावराबरोबर वहीही ठेवावी लागते. आरंभी कानात बिल्ला मारून वजन नोंदवावयाचे. मग रोजचा चारा, त्याचा खर्च आणि ठरावीक दिवसांनी वजन लिहावयाचे. तीस किलोचे कोकरू शंभर दिवसांत पंचावन्न किलोंवर न्यावयाचे असेल, तर रोज अडीचशे ग्रॅम वाढ हवी, हा हिशेब मुलाला स्वतः मांडावा लागतो. वाढ कमी पडली तर धान्य वाढवावयाचे, चरबी लवकर धरली तर ते कमी करून गवत वाढवावयाचे. चाऱ्याचा जो वृत्तान्त स्मिथफील्डच्या परीक्षकापासून दडलेला होता, तो या वहीत पुन्हा समोर येतो.

घाईला शरीर कोणती शिक्षा करते, हेही विसाव्या शतकात कळले. भरपूर खाणारी, कळपातील सर्वांत पुष्ट कोकरेच एका रात्रीत मरून पडत, याचे कारण ऑस्ट्रेलियात एच. डब्ल्यू. बेनेट्स याने १९३२ साली उलगडले : पिष्टमय अन्नाचा एकाएकी पूर आला की आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजून विष निर्माण करतात. म्हणून धान्य दोन-तीन आठवड्यांत पायरीपायरीने वाढवावे, हा आजचा नियम. त्याचप्रमाणे खच्ची नरांस धान्याबरोबर स्फुरद फार गेला तर मूत्रमार्गात खडे होतात. म्हणून कॅल्शियम आणि स्फुरद यांचे प्रमाण दोनास एक असे राखतात. शेळीची गोष्ट आणखी निराळी. ती चरबी कातडीखाली साठविण्याआधी पोटातील आतड्यांभोवती साठविते. मेंढीवर तयार झालेला परीक्षकाचा हात करडावर फिरला तर त्याला ते अपुरे वाटते. आणि मालकाने त्या हाताला पटेल इतके ते पोसले, तर वाढलेला चारा खाटकाने फेकून द्यावयाच्या भागात जातो.

वहीमुळे मोह नाहीसा झाला असे मात्र नाही. वजनाच्या गटात बसावे म्हणून तोलण्याआधी कोकराचे पाणी तोडणे, किंवा उलट त्याच्या पोटात नळीने पाणी भरणे, हे प्रकार घडत आले आहेत. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही प्रदर्शनांतील जनावरांत क्लेनब्युटेरॉल हे निषिद्ध औषध सापडले. ते चरबी घटवून मांस फुगविते. म्हणजे एका शतकाने चरबीसाठी जे केले, तेच दुसऱ्याने चरबीच्या अभावासाठी केले. परीक्षकाची आवड उलटी झाली. आवडीनुसार देह घडविण्याची रीत कायम राहिली.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की प्रदर्शनाचा दोष चरबीत नव्हता, आणि परीक्षकाच्या अज्ञानातही नव्हता. ज्या गुणाची पारख करावयाची तो गुण, आणि ज्या खुणेवरून ती करावयाची ती खूण, यांत अंतर होते. बक्षीस मात्र सदैव खुणेला मिळत गेले. १७९९ च्या नियमांत चाऱ्यावरून वर्ग पाडणाऱ्यांना हे अंतर ठाऊक असावे. ते बुजविण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. नंतरच्या काळात ते साधन तराजू, पृथक्करण आणि नोंदवही या रूपांनी आले. त्यांपैकी नोंदवही हे सर्वांत साधे, आणि लिहिणाऱ्याच्या सचोटीवर सर्वाधिक अवलंबून असलेले साधन होय.