ऑक्सिजन नर्स

कोविडच्या काळातला नंदुरबारचा इतिहास कुणी सांगायला बसला की तो ऑक्सिजन प्लांटपासूनच सुरुवात करतो. ते बरोबरही आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा हा आदिवासीबहुल जिल्हा. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडरसाठी वणवण फिरत होते, तेव्हा इथे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे प्लांट चालू होते. त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड हे स्वतः डॉक्टर. त्यांनी पहिला प्लांट सप्टेंबर २०२० मध्ये आणि पुढचे दोन २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उभे केले.

पण या गोष्टीचा दुसरा भाग आपण विसरतो. जिल्हा रुग्णालयात तेव्हा ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या होत्या. साधारण पन्नास रुग्णांमागे एक. कुणाची पातळी किती, मास्क नीट बसलाय का, रुग्ण जेवायला उठला तेव्हा ऑक्सिजन वाया तर जात नाही ना, हे सगळं पाहणं तिच्याकडे. प्लांट ऑक्सिजन तयार करतो, पण तो कुणाला किती लागतो हे खाटेजवळ उभं राहणारी बाईच सांगू शकते.

त्याच वर्षाची दुसरी आठवण भंडाऱ्याची आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरापैकी दहा बाळं गेली, सात वाचली. आग विझवण्याची पुरेशी यंत्रणा इमारतीत नव्हती. पुढे कारवाई झाली. काही वरिष्ठांवरही झाली, पण कंत्राटी परिचारिकांना थेट कामावरून काढून टाकण्यात आलं. कुणाचा दोष किती, हे ठरवणारा मी कोण? मला प्रश्न एवढाच पडतो, की ही बातमी वाचून दुसऱ्या गावातली कंत्राटी नर्स काय शिकली असेल? धोका दिसला तर बोलायचं, की गप्प बसायचं?

रुग्णसुरक्षा म्हणतात ती इथे ठरते. काही बिघडलं की ‘कुणी केलं?’ याआधी ‘कसं झालं?’ हे विचारणाऱ्या रुग्णालयातच माणसं चूक लपवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या रुग्णसुरक्षा दिनाचा विषयच आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरक्षा हा ठेवला होता, तो उगाच नाही.

आपल्या इतिहासात हजरत रुफैदा यांचं नाव आहे. खंदकच्या लढाईच्या वेळी, इ. स. ६२७ मध्ये, मदीनेच्या मशिदीत तंबू लावून त्या जखमींची शुश्रूषा करत. हजरत साद बिन मुआज जखमी झाले तेव्हा त्यांनाही तिथेच ठेवलं. जवळ असले तर विचारपूस करता यावी, म्हणून पैगंबर साहेबांनी तसं सांगितलं होतं. मुलांना हा प्रसंग शिकवताना मी म्हणतो, व्यवस्थापनाचा पहिला धडा हाच. ज्याच्या हातात अधिकार आहे, त्याने रुग्णाच्या आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या जवळ असावं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंग शिकून कंत्राटावर एका रुग्णालयात लागली. हुशार मुलगी. घरी उर्दू, शाळेत मराठी, शेजारात अहिराणी, भिलीही समजायची. डोंगरातून आलेली म्हातारी तिच्याशीच बोलायची. एकदा सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या पाहून तिने वर सांगितलं. उत्तर आलं, “तुझं कंत्राट संपत आलंय ना? मग कशाला डोकं लावतेस?”

“सर, त्या दिवसानंतर मी काही सांगणंच सोडलं,” असं ती मला म्हणाली. वर्षभरात तिने नोकरीही सोडली. आता ती सुरतेला एका खासगी दवाखान्यात आहे. तिथे तिच्या भिलीचं कुणाला काम पडत नाही.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यात कंत्राटी भरतीला विरोध ही मोठी मागणी होती. तेव्हा अनेकांना तो पगाराचा वाद वाटला. मला तो आपल्या रुग्णांच्या जिवाचा प्रश्न वाटतो. अकरा महिन्यांसाठी आलेली मुलगी वॉर्ड ओळखायला लागते तोवर तिची जायची वेळ होते.

नंदुरबारने एका कठीण वर्षात नर्सच्या नजरेवर विश्वास ठेवला आणि देशाने त्याचं कौतुक केलं. तो विश्वास साथीपुरताच का असावा? प्लांट बांधायला काही महिने लागतात. डोंगरातल्या म्हातारीला जिच्याजवळ मन मोकळं करावंसं वाटेल अशी सिस्टर घडायला वर्षं लागतात, आणि ती एका वाक्याने निघून जाते.