बर्फाकडे निघालेलं भाड्याचं जहाज



बंगळुरूत हल्ली मराठी मंडळी जमली, की गप्पांमध्ये एक विषय हमखास निघतो. काशी झाली, युरोप झाला, मुलाकडे अमेरिकेला दोनदा जाऊन आलो, आता अंटार्क्टिका. शंभर-दीडशे प्रवाशांचं छोटं जहाज, किनाऱ्यावर उतरायला रबरी होड्या, समोर हिमनदीचा निळसर कडा, आजूबाजूला पेंग्विन आणि सुस्त पडलेले सील. फोटो दाखवून झाले की कुणीतरी विचारतंच, आपली माणसं तिकडे पहिल्यांदा कशी गेली हो?

याचं खरं उत्तर गमतीचं आहे. ती जवळजवळ अशीच गेली. छोट्या जहाजातून, तेही परक्या देशाच्या आणि भाड्याच्या. जेमतेम दहा दिवस बर्फावर राहून परत आली. फरक एवढाच, की त्या दहा दिवसांच्या जोरावर भारताला एका मोठ्या टेबलाशी खुर्ची मिळाली. आज त्या जहाजांबद्दल बोलायचंय. माणसांबद्दल बोलूच, पण आधी जहाजं, कारण तिकडे तुम्ही काय करू शकता हे बरंचसं जहाजच ठरवतं.

थोडं मागे जाऊ. १९५६ मध्ये, नेहरूंच्या काळात, भारतानं संयुक्त राष्ट्रांत अंटार्क्टिकाचा प्रश्न चर्चेला घ्यायचा प्रस्ताव मांडला. हा खंड कुणा एकाचा नाही, तो शांततेसाठीच वापरला जावा, अशी भूमिका होती. अर्जेंटिना आणि चिली यांनी तिथल्या जमिनीवर हक्क सांगितलेला, त्यांना हे अजिबात रुचलं नाही. भारतानं प्रस्ताव मागे घेतला. १९५८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही पुढे गेला नाही. मग १ डिसेंबर १९५९ ला बारा देशांनी आपापसात अंटार्क्टिक करार केला. त्या बारांत वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती, भारत नव्हता. करारात शांतता आणि संशोधन या गोष्टी चांगल्याच होत्या, पण निर्णयाचा अधिकार कुणाला? जो तिथं जाऊन भरीव संशोधन करून दाखवेल त्याला. म्हणजे मत हवं असेल तर आधी जहाज हवं.

आणि बर्फातून वाट काढणारं एकही जहाज आपल्याकडे नव्हतं.

जुलै १९८१ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं महासागर विकास विभाग काढला. त्याची सूत्रं डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्याकडे आली. हे समुद्रजीवशास्त्रज्ञ, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. पाच महिन्यांत, ६ डिसेंबर १९८१ ला, गोव्याहून ‘पोलारसर्कल’ नावाचं नॉर्वेचं जहाज निघालं. त्यावर कासिम यांच्यासह आपले २१ जण. उपनेत्यांत चंद्रप्रकाश व्होरा होते, भूगर्भशास्त्र सर्वेक्षणातले हिमनदीतज्ज्ञ आणि १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शिखरावर पोचलेले गिर्यारोहक. सगळा बेत इतका गुपचूप होता, की जहाज निघालं तेव्हा देशात फारशा कुणाला पत्ताच नव्हता.

मॉरिशसवरून खाली उतरलं की चाळिशीचे अक्षांश लागतात. तिथं पृथ्वीला वळसा घालणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीनच नाही. त्यामुळे लाटा वाढत जातात, आणि त्या पट्ट्याला खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ‘गरजणारे चाळीस’ म्हणत आलेत. बर्फासाठी बांधलेल्या जहाजांचा तळ गोलसर ठेवतात. बर्फानं दोन्ही बाजूंनी दाबलं तर चिरडलं न जाता जहाज वर उचललं जावं, हा हेतू. पण हाच गोल तळ मोकळ्या समुद्रात पाळण्यासारखा डुलतो. क्रूझवाल्या मंडळींनी उलटीच्या गोळ्यांच्या कहाण्या सांगितल्या, की मला हे आठवतं. भौतिकशास्त्र तेच आहे.

९ जानेवारी १९८२ ला ही तुकडी बर्फावर उतरली. तिरंगा लावला, मापं घेतली, माणसांशिवाय चालणारं हवामान केंद्र उभं केलं आणि परतीची वाट धरली. २१ फेब्रुवारीला जहाज गोव्याला लागलं. एकूण ७७ दिवस, त्यातला बराचसा काळ समुद्रातच गेला.

काही लोक याला नाक मुरडतात. म्हणतात, ही तर हजेरी लावण्यापुरती मोहीम, विज्ञान त्यात किती? माझं मत असं, की हजेरी हाच पहिल्या मोहिमेचा उद्देश होता आणि तो लपवण्यासारखा नाही. २१ माणसांच्या जहाजात तळ बांधण्याचं सामान येत नाही. जावं, पाहावं, मोजावं आणि बर्फ घट्ट व्हायच्या आत निघावं, एवढंच त्या जहाजात बसत होतं. पुढच्या वर्षी व्ही. के. रैना यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम गेली, तीही ‘पोलारसर्कल’वरच. १९ ऑगस्ट १९८३ ला भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला मतदानाचा अधिकार असलेला सदस्य झाला. त्याच महिन्यात ब्राझीललाही तो मिळाला. तोवर आपला कायमचा तळ उभाही राहिलेला नव्हता.

इथं एक टोचणी आहे, आणि इतिहास सांगताना ती टाळू नये. ज्या भारतानं १९५६ मध्ये ‘हा सगळ्या जगाचा प्रश्न’ म्हटलं, तोच भारत १९८३ मध्ये निवडकांच्या टेबलावर जाऊन बसला. आणि नेमक्या त्याच सुमाराला मलेशियाचे महातीर मोहम्मद संयुक्त राष्ट्रांत आपलंच जुनं म्हणणं मांडत होते. अलिप्त राष्ट्रांतल्या अनेकांना हे लागलं असणार. बाहेर उभं राहून बरोबर बोलायचं, की आत जाऊन मत द्यायचं? सरकारनं दुसरा रस्ता घेतला. पुढे १९९१ च्या माद्रिद इथल्या मसुद्यानं तिथं खाणकामावर बंदी आली, तेव्हा भारत बाहेरून पाहत नव्हता, आत होता. मला तो निर्णय पटतो. पण १९५६ चा भारत चूक होता असं मात्र म्हणवत नाही.

आता तिसरी मोहीम. इथं जहाज बदलतं आणि गोष्टही बदलते.

डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेलं ‘फिनपोलारिस’ हे फिनलंडचं मालवाहू जहाज होतं, बर्फाला तोंड देईल असं मजबूत केलेलं. मोठं पोट, म्हणजे घराचे भाग, यंत्रं, इंधन, हेलिकॉप्टर, सैन्यातले अभियंते, सगळं मावलं. नेते होते भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता. तिकडचा उन्हाळा म्हणजे जेमतेम दोन महिने, आणि भाड्याच्या जहाजाला तारखा ठरलेल्या. त्या मुदतीत बर्फावर ‘दक्षिण गंगोत्री’ हा आपला पहिला तळ उभा राहिला. जहाज परत फिरलं तेव्हा १२ जण हिवाळा काढायला मागे थांबले. त्यांना घ्यायला जहाज येणार ते पुढच्या उन्हाळ्यात. मधे सूर्य न उगवणारे दोन महिने. ‘जाऊन येणं’ आणि ‘राहणं’ यांतलं अंतर त्या बारा जणांइतकं कुणी मोजलं नसेल.

याच जहाजावर दोन शास्त्रज्ञ स्त्रिया होत्या. कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, आणि नागपूरच्या मराठी घरातल्या अदिती पंत.

अदितीताईंची वाट मजेशीर आहे. नागपूरला जन्म, पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. घरच्या एका स्नेह्यांनी ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं पुस्तक वाचायला दिलं आणि या मुलीनं ठरवलं, आपण समुद्राचाच अभ्यास करायचा. नागपूरपासून समुद्र कुठे, विचार करा! हवाई विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिक्षण, लंडनला पीएच.डी., आणि मग परत येऊन गोव्याची समुद्रविज्ञान संस्था. त्यांचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. याला समुद्रातलं गवत म्हणू. ऊन पाण्यात किती खोल जातं, त्यावर हे गवत किती वाढतं, ते कोण खातं. दक्षिण महासागरात ते खातो क्रिल, बोटाएवढा कोळंबीसारखा जीव. आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे सगळे जगतात. आज पर्यटक ज्या पेंग्विनसमोर उभा राहून फोटो काढतो, त्याचा हिशेब अदितीताई पाण्याच्या नमुन्यातून, तळापासून मांडत होत्या. सेनगुप्ता यांनी शिर्माकर टेकड्यांच्या बर्फमुक्त खडकांचा अभ्यास केला.

या दोघींचं जाणं किती मोठं होतं, ते बाहेर पाहिलं की कळतं. अमेरिकेत वाहतूक नौदलाच्या हातात होती आणि स्त्रियांसाठी सोय नाही म्हणून त्यांना वर्षानुवर्षं अडवलं गेलं. तिथल्या शास्त्रज्ञ स्त्रिया तिकडे पोचल्या त्या १९६९ मध्ये. ब्रिटिश सर्वेक्षणातल्या जॅनेट थॉमसन यांना तिथं काम करायला मिळालं १९८३ च्या सुमाराला. म्हणजे ध्रुवीय मोहिमांची एवढी जुनी परंपरा मिरवणाऱ्या ब्रिटनला जे ऐंशीच्या दशकापर्यंत जमलं नाही, ते आपण तिसऱ्याच मोहिमेत केलं. पाठ्यपुस्तकात यावर एक ओळ तरी हवी.

दक्षिण गंगोत्री मात्र टिकली नाही. ती तरंगत्या बर्फाच्या थरावर होती, दरवर्षी वरून हिम साचत गेलं आणि तळ खाली खाली गाडला गेला. १९९० मध्ये तो बंद केला. तोवर शिर्माकरच्या खडकावर ‘मैत्री’ उभी राहिली होती, आणि २०१२ पासून लार्समन टेकड्यांत ‘भारती’ आहे. या दुसऱ्या जागेमागे एक जुना धागा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी गोंडवन खंडात भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला चिकटलेला होता. पूर्व घाटातल्या खडकांचे भाऊबंद तिकडे सापडतात. तुम्ही बंगळुरूत असाल तर लालबागेतल्या त्या मोठ्या खडकावर कधीतरी चढाच. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे तो. हा भूभाग अंटार्क्टिकाशी जोडलेला असताना तो होताच, आणि फारकत झाली तेव्हाही.

मराठी माणसासाठी अजून एक गंमत. दक्षिण गंगोत्रीचं टपाल कार्यालय गोवा विभागाच्या अखत्यारीत होतं, आणि गोवा येतो महाराष्ट्र टपाल मंडळात. म्हणूनच २०२४ मध्ये ‘भारती’ला जो प्रायोगिक पिनकोड मिळाला, तो आहे एमएच-१७१८. एमएच म्हणजे आपलाच एमएच!

परत पर्यटनाकडे येतो. आजच्या तऱ्हेच्या सफरींची सुरुवातही भाड्याच्याच जहाजानं झाली. लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन व्यावसायिकानं १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्यानं घेऊन आपली पहिली सफर नेली. १९६९ मध्ये त्यानं खास या कामासाठी छोटं ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ बांधून घेतलं. आजच्या सगळ्या छोट्या जहाजांचं ते पूर्वज. पुढे नुसतं ‘एक्स्प्लोरर’ झालेलं तेच जहाज २३ नोव्हेंबर २००७ ला बर्फावर आदळून बुडालं. १५४ जण होराळत्या थंडीत होड्यांत बसून राहिले आणि सगळे वाचले. आता एका मोसमात एक लाखाहून जास्त पर्यटक जातात. एका वेळी एका जागी शंभराहून जास्त लोक उतरवायचे नाहीत, पाचशेपेक्षा अधिक प्रवाशांच्या जहाजानं कुणालाच उतरवायचं नाही, असे नियम आहेत. छोट्या जहाजाला भाव आहे तो या नियमामुळे. बहुतेक सफरी दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे जातात. आपले तळ खंडाच्या दुसऱ्या बाजूला आहेत, त्यामुळे सफरीत ‘मैत्री’ दिसेल अशी आशा धरू नका.

‘हिमनदी बघायची तर एवढ्या लांब कशाला, हिमालय आहे की,’ असंही श्रोते लिहितात. आहे, पण तो जहाजातून दिसत नाही. हिमालयातल्या हिमनद्या मोजायला आपण वेगळं वाहन वापरलं, आणि ते इथंच, बंगळुरूत बांधलं गेलं. आपले दूरसंवेदन उपग्रह. नंतर भारतीय विज्ञान संस्थेच्या दिवेचा केंद्रात आलेले डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला. चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचं १९६२ मधलं क्षेत्रफळ होतं २०७७ चौरस किलोमीटर. उपग्रहाच्या चित्रांत ते उरलं १६२८. म्हणजे एकवीस टक्क्यांच्या आसपास घट. वर जाणारं वाहन आपलं होतं म्हणून मोजणी आपल्या वेळापत्रकानं झाली.

समुद्रावर ते भाग्य अजून नाही. चाळीसहून जास्त वर्षं मोहिमा चालू आहेत, गोव्याऐवजी पुढे केपटाऊन हे निघायचं बंदर झालं, पण बर्फातलं जहाज दरवेळी भाड्याचंच. २०२५ च्या जूनमध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सनी ध्रुवीय संशोधनाचं पहिलं भारतीय जहाज बांधण्यासाठी एका परदेशी कंपनीशी सामंजस्य करार केला. कंपनी कोंग्सबर्ग, देश नॉर्वे. ‘पोलारसर्कल’ आलं होतं तोच.