सुट्या रिसेप्टरची कुळकथा

विषाणूला पेशीत शिरायचं तर आधी तिच्या पृष्ठभागावरचं एक ठरावीक प्रथिन पकडावं लागतं. तेच त्याचं रिसेप्टर. एड्सचा विषाणू सीडी4 हे रिसेप्टर धरतो, हे 1984च्या अखेरीस लंडन आणि पॅरिसच्या संशोधकांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक वेगळं काढलं. जनुक हाती आल्यावर एक धाडसी कल्पना पुढे आली. हेच रिसेप्टर पेशीपासून सुटं करून रक्तात सोडलं तर? विषाणू या बनावट दारांवरच डोकं आपटत राहील.

सीडी4चे चार भाग पेशीबाहेर असतात, मग पेशीपटलात रुतलेला तुकडा येतो आणि आत आखूड शेपूट. विषाणूवरचं जीपी120 हे प्रथिन पकडतं ते अगदी बाहेरच्या, पहिल्या भागाला. म्हणून जनुकात पटलातल्या तुकड्याच्या अलीकडेच थांबण्याचा संकेत घातला गेला. असं जनुक मिळालेली पेशी प्रथिन बनवते, पण ते पटलात अडकत नाही, भोवतालच्या द्रवात सुटतं. तिथून ते शुद्ध करून घ्यायचं. डिसेंबर 1987 आणि जानेवारी 1988मध्ये जेनेन्टेक, बायोजेन आणि इतर गटांचे शोधनिबंध पाठोपाठ आले. प्रयोगशाळेत संसर्ग थांबत होता. त्या वेळी एड्सवर मान्यता मिळालेलं औषध एकच, एझेडटी. तेव्हा या निबंधांनी केवढी आशा जागवली असेल!

1990मध्ये रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. औषध सोसवत होतं, पण विषाणू हटत नव्हता. त्याच वर्षी डेव्हिड हो यांच्या गटाने कारण दाखवलं, आणि या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम मला तेच वाटतं. आधीचे प्रयोग झाले होते प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या विषाणूंवर. रुग्णाच्या रक्तातून थेट घेतलेले विषाणू रोखायला मात्र सुटं सीडी4 200 ते 2700 पट जास्त लागत होतं. एवढी मात्रा शरीरात टिकवणं अशक्यच, कारण हे लहानसं प्रथिन रक्तातून झपाट्याने नाहीसं होई.

रक्तात न टिकण्यावर तोड मात्र आधीच निघाली होती. 1989मध्ये जेनेन्टेकच्या डॅनियल केपन आणि सहकाऱ्यांनी सीडी4चा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या बुंध्याला जोडला. प्रतिपिंडं रक्तात दीर्घकाळ राहतात, तो गुण या जोडप्रथिनातही उतरला. एड्सच्या रुग्णांना त्याचा लाभ झाला नाही, पण जोडणीची ही रीत दुसरीकडे फळली. संधिवातावरचं इटॅनरसेप्ट, ज्याला अमेरिकेत 1998मध्ये मान्यता मिळाली, ते असंच बुंध्याला जोडलेलं रिसेप्टर. मधुमेहाने दृष्टिपटलाला सूज आली की डोळ्यात ज्याचं इंजेक्शन देतात, ते आफ्लिबरसेप्टही त्याच घडणीचं. दोन्ही विषाणूला नव्हे, शरीराच्याच रासायनिक निरोप्यांना अडवतात.

विषाणूविरुद्धची मूळ कल्पनाही संशोधकांनी सोडली नाही. 2015मध्ये मायकेल फरझान यांच्या गटाने सीडी4च्या जोडप्रथिनाला विषाणूच्या दुसऱ्या रिसेप्टरची, सीसीआर5ची, नक्कल करणारा छोटा तुकडाही जोडला. विषाणू आता दोन्हीकडून धरला जाऊ लागला आणि माकडांना संसर्गापासून संरक्षण मिळालं. सार्सचा विषाणू एसीई2 हे रिसेप्टर धरतो, हे 2003मध्ये दाखवण्यातही फरझान होते. कोविडचा विषाणूही तेच धरतो. 2020मध्ये योसेफ पेनिंगर आणि सहकाऱ्यांनी मानवी एसीई2चं सुटं रूप वापरून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधला कोविडचा संसर्ग बराच कमी करून दाखवला. विषाणू बदलत राहतो, प्रतिपिंडांना चकवतो. पण रिसेप्टर सोडून त्याला फार दूर जाता येत नाही, आणि म्हणूनच हे काम अजून चालू आहे.